सुभेदारांची शिकवण

आजकाल मोठमोठ्या कंपन्यांतून वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही मार्गदर्शक नेमून देतात. जो अधिकारपदी पोहोचला त्याला आणखी कसले शिक्षण, असे पुष्कळांना वाटते. परंतु आपल्या माळव्याला ही गोष्ट नवी नाही.

मल्हारराव होळकर मेंढपाळाच्या घरात जन्मले आणि स्वपराक्रमाने सुभेदार झाले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफगोळ्याने पडला. सून अहिल्याबाई सती जावयास निघाल्या असता त्यांनी तिला परावृत्त केले आणि राज्यकारभाराचे ओझे हळूहळू तिच्या खांद्यावर दिले. १७६५ सालच्या पत्रात ते तिला ग्वाल्हेरीस मुक्काम करून तोफखान्याची व दारूगोळ्याची व्यवस्था लावण्यास लिहितात. हे क्षेमकुशलाचे पत्र नव्हे. हे विश्वासाने सोपविलेले काम आहे. उपदेशापेक्षा जबाबदारी हाच सुभेदारांचा धडा होता.

या धड्याची परीक्षा लवकरच झाली. १७६६ साली मल्हारराव वारले, पुढल्याच वर्षी नातू मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घ्यावे, कारभार आपल्या हाती राहावा, असा बेत करून राघोबादादांना सैन्यासह बोलाविले. बाईंनी रडत बसण्याऐवजी फौज सज्ज केली आणि शेजारच्या सरदारांकडे साहाय्य मागितले. तुकोजी होळकर उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी फौजेनिशी आडवे उभे राहिले. तेव्हा आपण केवळ दुखवट्यासाठी आलो, असे दादांनी कळविले, अशी हकीगत सांगितली जाते. पेशवे माधवरावांनीही बाईंचाच पक्ष घेतला. क्षिप्रेच्या पाण्यात त्या दिवशी रक्त मिसळले नाही.

पुढे १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य चालविले. लष्कर तुकोजींकडे सोपवून मुलकी कारभार आपल्या हाती ठेवला. सोपवून कसे द्यावे, हेही त्या सासऱ्यापासूनच शिकल्या असाव्यात.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. मालेराव त्याच घरात, त्याच आजोबांच्या छायेत वाढला होता. तरी कारभारात त्याची कीर्ती राहिली नाही. गुरू मार्ग दाखवितो, संधी देतो. चालणे ज्याचे त्याला असते. म्हणूनच पदावर असणाऱ्याने विचारावे : आपल्या हाताखालच्यांना आपण हुकूम देतो, की काम देऊन वाढवितो?