दिल्लीच्या उशाची देवराई

श्रावणातली सकाळ. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावरचे ट्रक आणि बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर मागे टाकून तुम्ही मांगर गावाकडे वळता. दरीच्या काठावर पाय आपोआप थांबतात. खाली हिरवंगार रान दाटलंय. क्षणभर वाटतं, आंबोलीच आली! पण इथे पाऊस वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर. ही अरवलीतली देवराई, मांगर बनी.

पायवाटेनं उतरू लागा. प्रत्येक वळण तुम्हाला मागच्या काळात नेणार आहे.

पहिल्या वळणावर सुरुंग फुटतो. पलीकडच्या टेकड्या दगडासाठी फोडल्या जात आहेत. सर्वोच्च न्यायालयाची 2002 आणि 2009 सालची बंदी अजून यायची आहे.

दुसऱ्या वळणावर विलायती कीकर नाहीशी होते. मेक्सिकोकडची ही काटेरी बाभूळ इंग्रजांनी दिल्लीत लावली आणि ती सगळ्या डोंगररांगेवर पसरली. आता ती अजून आलेलीच नाही.

तळाशी पोहोचता तेव्हा ऋतूही पालटलेला असतो. मार्च 1737, महिन्याची अखेर. धौची पानं गळून गेलीत, पळस मात्र पेटलाय. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. गुरांनी कुरतडला की खडकाला चिकटून जमिनीसरपट पसरतो. कुणी हात लावला नाही तर सरळ वर चढतो. दूर धूळ उठते. डोंगराच्या कडेकडेनं, आडवाटेनं बाजीरावांचे स्वार दिल्लीकडे दौडताहेत. मोगल सरदार त्यांना भलतीकडेच शोधत बसलेत. वाऱ्यावरून एखादा मराठी शब्द तुमच्यापर्यंत येतो आणि घरापासून इतक्या लांब ऊर भरून येतो. काही दिवसांतच हे स्वार दिल्लीच्या तालकटोऱ्यापाशी लढणार आहेत.

धूळ खाली बसते. आणखी एक वळण उरलंय, फार खोल. कपारीत कुणीतरी गारेच्या दगडावर दगड आपटतंय. टक्, टक्. ठिणगी, मग धारदार कपचा. तो माणूस मान वर करतो, तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याची भाषा कुणालाच ठाऊक नाही. इथली अश्मयुगीन हत्यारं आणि कपारींतली चित्रं 2021 साली जगासमोर आली.

परत वर चढताना आधारासाठी तुम्ही एक फांदी धरता. “तोडू नका हं,” एक गुराखी हात जोडून सांगतो. ही बनी गुदडिया दास बाबांची. इथली डहाळी मोडली तर बाबा कोपतो, असं मांगर, बंधवाडी आणि बलियावासचे गुज्जर पिढ्यान् पिढ्या मानत आले. कोकणातली देवराई जशी राखली जाते, अगदी तशीच ही राखली गेली. म्हणूनच इथला धौ उंच वाढला. बिबट्यालाही इथे आडोसा मिळाला.

मला त्या श्रद्धेबद्दल मनापासून आदर वाटतो, पण आता ती एकटी पुरणार नाही. गावाची सामाईक जमीन कागदोपत्री वाटली गेली, बरीचशी बाहेरच्यांना विकलीही गेली. गावकरी आणि निसर्गप्रेमी झगडले, तेव्हा 2016 साली हरियाणा सरकारनं इथलं बांधकाम रोखलं. दिल्लीला गेलात तर कुतुबमिनारासोबत एक सकाळ या बनीसाठी ठेवा. कमान नाही, तिकीट नाही, आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही नाही.