गळाची मासेमारी, उत्तन-भाईंदर किनाऱ्यावरील

दोरीच्या टोकाला बांधलेल्या अंकुशाकार काट्याला आमिष लावून मासा पकडण्याची पद्धती. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस उत्तन, पाली व चौक ही कोळ्यांची गावे समुद्रालगत असून उत्तरेस वसईची खाडी आहे. १५३४ मध्ये वसईबरोबर हा प्रदेश पोर्तुगीजांकडे व वसईच्या मोहिमेअखेर १७३९ मध्ये मराठ्यांकडे गेला. येथील बहुसंख्य कोळी ख्रिस्ती आहेत. येथील मुख्य साधन म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवण्याचे डोल जाळे व मुख्य उत्पन्न म्हणजे बोंबील. गळाचे स्थान त्या मानाने दुय्यम आहे. परंतु घोळ, वाम, शिंगाळा, तांब, जिताडा यांसारखे मोठे व मोलाचे मासे मिळविण्यास तो उपयोगी पडतो.

गळ अतिप्राचीन आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शंखापासून बनविलेले सु. २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडले. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी तांब्याचे व काशाचे गळ घडविले. त्यांपैकी काहींना उलटा काटा, तर काहींना दोरी ओवण्याचे नेढे होते. महाराष्ट्रात चांदोली (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत तांब्याचे गळ मिळाले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास  या ग्रंथातील मत्स्यविनोद प्रकरणात माशांच्या जाती, त्यांच्या राहण्याच्या जागा आणि प्रत्येकीस मानवणारे खाद्य यांची माहिती आहे. गळ कसा आहे यापेक्षा मासा कसा खातो हे आधी जाणावे, ही दृष्टी त्यात दिसते.

सतराव्या शतकात लंडनच्या चार्ल्‌स किर्बी याने पोलादाला पाणी देऊन घडविलेले गळ प्रसिद्धीस आले. नॉर्वेतील मुस्टाड या १८३२ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात १८७७ मध्ये गळ तयार करणारे स्वयंचलित यंत्र बसले आणि एकसारखे, स्वस्त गळ जगभर पोहोचले. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाल्यानंतर काही दशकांत सुती व तागाच्या दोऱ्या मागे पडल्या. नायलॉन कुजत नाही व पाण्यात सहसा दिसत नाही. मात्र ते ताणले जाते, त्यामुळे लांब दोरीला दिलेला हिसका टोकापर्यंत पुरता पोहोचत नाही.

माशाने आमिषास तोंड लावणे व मासा गळास लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. गळ लागण्यासाठी त्याचे टोक तीक्ष्ण व मोकळे असावे लागते. टोक व दांडा यांतील अंतर, म्हणजे गळाचे मुख, आमिषाने भरून गेले, तर टोकास जबड्यापर्यंत पोहोचण्यास वाव उरत नाही. उलट्या काट्याने लागलेला मासा सुटत नाही, पण काटा जाड असल्यास टोक आत शिरण्यास अधिक जोर लागतो.

जिवंत आमिषाच्या बाबतीत वेळेचे महत्त्व विशेष आहे. खाडीत जिताडा व तांब यांसाठी जिवंत कोळंबी किंवा लहान बोय वापरतात. आमिष जिवंत राहावे म्हणून गळ कोळंबीच्या मेंदूस टाळून व बोयच्या ओठांतून किंवा पाठीच्या पराजवळून ओवतात. बहुतेक शिकारी मासे भक्ष्य डोक्याकडून गिळतात; ते आडवे धरले असेल, तर आधी फिरवून घेतात. जिताडा तोंड एकाएकी उघडून पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आत घेतो. दोरी ताठ असेल, तर आमिष त्या ओढीबरोबर जाऊ शकत नाही. म्हणून क्षणभर ढील देऊन मगच ताण देणे इष्ट ठरते. ढील फार लांबली, तर गळ पोटात जातो व सोडून दिलेला लहान मासाही सहसा जगत नाही.

जिग म्हणजे गळास शिसे वा अन्य धातूचे वजन जोडून केलेले कृत्रिम आमिष होय. ते खाली-वर हालवून माशास भुलवितात. त्याला चव नसल्याने मासा ते लगेच थुंकतो. त्यामुळे येथे ढील न देता तत्काळ ताण द्यावा लागतो. शिवाय गळ वजनाला घट्ट जोडलेला असल्यास मान झटकणारा मासा त्या वजनाचाच तरफेसारखा उपयोग करून सुटतो. यावर उपाय म्हणून जपानी पद्धतीत गळ आखूड दोरीने जिगच्या वरच्या टोकास मोकळा बांधतात. न ताणणाऱ्या विणीच्या दोऱ्या आल्यावर ही पद्धती सर्वत्र पसरली.

सर्वांत मोठा बदल वर्तुळाकार गळाने घडविला. याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते. त्यास हिसका न देता संथ ताण दिला की, तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. उत्तर पॅसिफिकमधील हॅलिबट माशाच्या लांब दोरीच्या मासेमारीत १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो रूढ झाला, तेव्हा दर गळामागील पकड दुपटीहून अधिक वाढल्याचे आढळले. पकड वाढविण्यासाठी जोर वाढवावा लागतो, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

उत्तनच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक ४ मी.हून अधिक असतो व खाडीतून येणाऱ्या गाळाने पाणी गढूळ राहते. अशा पाण्यात मासा दृष्टीपेक्षा वास व कंपने यांवर अधिक विसंबतो. साहजिकच चकाकणाऱ्या जिगपेक्षा जिवंत आमिष येथे सरस ठरते. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो व पाणी काहीसे निवळते, तेव्हा जिगला वाव मिळतो.

डोल जाळ्यात प्रवाहाबरोबर येणारे लहान-मोठे सर्वच मासे सापडतात, त्यांत वाढ न झालेली पिलेही असतात. गळाचा व आमिषाचा आकार निवडून मात्र कोणता मासा धरावयाचा हे बऱ्याच अंशी ठरविता येते. घोळीच्या वाताशयास मोठी किंमत येत असल्याने असा एक मासा निसटणे हे कोळी कुटुंबाचे मोठे नुकसान असते. तर खोल गळ गिळलेले पिलू मरणे हे पुढील हंगामाचे नुकसान होय. माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात नेमका बसणारा गळ ही दोन्ही नुकसाने टाळतो.