सुईणीचे हात आणि बाळंतिणीची खोली

बाळंतपण कोठे करावयाचे आणि ते कोणाच्या हाती सोपवावयाचे, हे दोन प्रश्न आपण बहुधा एकच समजतो. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबात तर पहिल्या प्रश्नावरच चर्चा संपते. पहिले बाळंतपण माहेरी. मग माहेर साताऱ्याचे असो वा अमरावतीचे, आणि नेमणूक दिल्लीची असो वा गुवाहाटीची. सातव्या महिन्यात ओटी भरली, गाडीचे आरक्षण मिळाले, की निघाली लेक माहेराला. ऐन घटकेला तिच्याजवळ कोण असणार, हा दुसरा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. इतिहास पाहू जाता मात्र बाळंतिणीचे बरेवाईट खोलीपेक्षा या दुसऱ्या प्रश्नावरच अधिक अवलंबून राहिले, असे दिसून येते.

आपल्या प्राचीन वैद्यकाने दोहोंचाही विचार केला होता. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात सूतिकागाराची तरतूद सांगितली आहे. प्रसूतिसमयी चार स्त्रिया जवळ असाव्यात असे सांगताना सुश्रुताने त्या वयाने पोक्त, या कामात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, अशी अट घातली आहे. नखांचा हा उल्लेख वाचून मन थबकते. त्यामागील उपपत्ती काहीही असो. बाळंतिणीच्या अंगाला लागणाऱ्या हाताकडे ग्रंथकाराचे लक्ष होते, एवढे निश्चित.

पुढील काळात खोली राहिली आणि अट मात्र विसरली गेली. घरातील सर्वांत अंधारी, कोंदट खोली बाळंतिणीच्या वाट्याला येई. सोयराच्या दिवसांत तिला कोणी शिवावयाचे नाही, म्हणून अंथरूण-पांघरूणही टाकाऊच दिले जाई. शेगडीचा धूर त्यात भर घाली. या विटाळात हात घालणारी ती सुईण. पोटावर हात ठेवून मूल आडवे की उभे हे ती सांगे. कळांची चाल ओळखून घाई न करता रात्ररात्र बाजेशी बसून राही. धीर देण्याची तिची विद्या कोणत्याही पाठशाळेत शिकविली जात नव्हती. मोबदला म्हणजे पसाभर धान्य, खण-नारळ, फार तर एखादे लुगडे. परंतु हीच सुईण हाताशी असलेल्या विळ्याने नाळ कापी, आणि त्या जखमेतून धनुर्वात शिरे. नवजात अर्भकाचा धनुर्वात जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत प्रकट होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडून रात्र जागविण्याच्या आपल्या रूढीमागे त्या दिवसांची धास्तीच तर नसेल ना, असे मला वाटत आले आहे. (भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हावयास २०१५ साल उजाडावे लागले.)

तथापि अस्वच्छ हात ही सुईणीचीच मिरासदारी होती असे मानणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाच्या नामांकित सार्वजनिक रुग्णालयात याच्या नेमके उलट चित्र होते. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शेकडा ११ हून अधिक माता दगावल्या, तर सुइणींच्या विभागात शेकडा ३ हूनही कमी! ही गोष्ट शहरातील बायकांना पुरती ठाऊक होती. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून त्या गयावया करीत. कित्येकींना रस्त्यात प्रसूत होणे पत्करत असे. छत तेच, औषधे तीच, मग हा फरक का? इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला हे कोडे सुटेना. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक प्राध्यापक मित्र शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारला, आणि त्याच्या प्रेतात सूतिकाज्वराचीच चिन्हे आढळली. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत. सुइणी प्रेताला हात लावीत नसत. मे महिन्यापासून सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि दोनतीन महिन्यांतच मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत फारसे कोणी मानले नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीही १८७१ च्या आपल्या ग्रंथात घरच्या बाळंतपणांचे आणि प्रसूतिगृहांतील बाळंतपणांचे मृत्यू ताडून पाहिले. त्यांत प्रसूतिगृहेच अधिक घातक ठरली होती.

आपल्याकडे या प्रश्नाला तोंड फोडणाऱ्या स्त्रियांत एका परमुलखी मराठी कारकुनाची पत्नी होती, हे या मासिकाच्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचे वाटावे. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस होते आणि बदल्यांपायी भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे हिंडले. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज असल्याचे सांगितले आणि त्या अमेरिकेस गेल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी एम. डी. पदवी मिळविली, प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने वारल्या. एकाही बाळंतिणीला त्यांच्या विद्येचा लाभ येथे मिळू शकला नाही.

त्याच सुमारास, १८८५ साली, स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून डफरिन फंड निघाला, आणि १८८६ साली मुंबईचे कामा रुग्णालय उघडले. दाईंना शिक्षण देण्यासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारला गेला. परंतु त्याला यश बेताचेच आले. माझ्या मते याचे कारण उघड आहे. दाईला बोलावले जाई ते तिचे दोष दाखविण्यासाठी. तिच्या पोटापाण्याची सोय कोणी पाहिली नाही आणि तिला जे येत होते ते कोणी विचारून घेतले नाही. १९४६ च्या भोर समितीने दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया गरोदरपण व बाळंतपण यांपायी मरतात असा अंदाज दिला, त्यावरून परिस्थिती किती थोडी सुधारली होती हे कळते.

स्वातंत्र्यानंतर पारडे हळूहळू रुग्णालयाकडे झुकले आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर ते वेगाने झुकले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये रुग्णालयातील बाळंतपणे शेकडा २६ होती. २०१९-२१ मध्ये ती जवळजवळ ८९ झाली. माता-मृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात लाखामागे ९७ वर आले. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याच पाहणीत खाजगी रुग्णालयांतील शेकडा ४७ बाळंतपणे पोट चिरून झाल्याचे दिसते. शस्त्रक्रिया अनेकींचे प्राण वाचविते, यात शंका नाही. पण निम्म्या बायकांना तिची गरज असते, हे पटण्याजोगे नाही.

म्हणूनच सुईण पुन्हा येत आहे, मात्र नव्या रूपात. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसविकांच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परिचारिकेचे शिक्षण झालेल्या स्त्रीला आणखी अठरा महिने प्रसूतिविद्येचे शिक्षण द्यावयाचे आणि सरळ बाळंतपण तिच्या हाती ठेवावयाचे. काही अडले तर शेजारीच डॉक्टर. अशी केंद्रे अद्याप थोडी आहेत, पण आपल्या गावी असल्यास चौकशी अवश्य करावी. इंग्लंडमध्ये २०११ साली सुमारे ६४,००० बाळंतपणांची पाहणी प्रसिद्ध झाली, ती येथे उपयोगी पडेल. जोखीम नसलेल्या स्त्रीचे दुसरेतिसरे बाळंतपण घरी झाले तरी बाळाला अधिक धोका आढळला नाही. पहिलटकरणीच्या बाबतीत मात्र घरी धोका वाढलेला दिसला, आणि घरी सुरुवात केलेल्या शंभरांतील सुमारे ४५ पहिलटकरणींना अखेर रुग्णालयात न्यावे लागले. लक्षात ठेवावयाचे ते असे की, तेथे घरी येणारी सुईण शिकलेली असते आणि रुग्णालयाची वाट ठरलेली असते. ज्या घरी शिकलेले माणूस नाही आणि गाडीही नाही, त्या घरच्या बाळंतपणाला या आकड्यांचा आधार घेता येणार नाही.

तेव्हा माहेर की नेमणुकीचे गाव, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. माहेरच्या माणसांचा धीर ही काही लहान गोष्ट नव्हे. पण दोन्हीकडे चौकशी तीच करावी. रात्री-बेरात्री शस्त्रक्रिया होते का? भूल देणारा डॉक्टर जवळपास राहतो का? रक्त किती वेळात मिळते? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तासा-दोन तासांतच जीव घेऊ शकतो. कळा देताना बाईजवळ सोबतीण राहू देतात का? सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण ठेवण्यास २०१६ पासून अनुमती आहे. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि सोनोग्राफीचे कागद प्रवासात पेटीत न ठेवता हाताशी ठेवावेत. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोणाच्या सल्ल्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

राहता राहिली रजा. केंद्रीय कर्मचारी स्त्रीला १८० दिवसांची प्रसूतिरजा मिळते. पतीला पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे. ती बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते, आणि या मुदतीत न घेतल्यास बुडते. आमच्या शाखेत तिचे अर्ज बहुधा बारशाच्या तारखा धरून येतात. बाळंतिणीला माणसाची गरज भासते ती त्याच्या कितीतरी आधी.