रॉकेलचा डबा

गावच्या घरात पत्र्याचा एक चौकोनी डबा होता. दादी त्यात तांदूळ ठेवायची. मुळात तो रॉकेलचा डबा. त्यावर बर्मा-शेल कंपनीचे नाव पुसट दिसायचे. बर्मा नावाचा मुलूख आहे हे मला शाळेच्या आधी त्या डब्याने शिकवले.

परदेशी तेलावरचे आपले अवलंबित्व मोटारी वाढल्यामुळे आले, असे आपण समजतो. खरे तर मोटारींच्या कितीतरी आधी हे तेल चिमणीतून कोकणातल्या घराघरांत पोहोचले होते.

आसामात दिगबोईला 1889 साली तेल लागले आणि 1901 साली तिथे रिफायनरी सुरू झाली. पण ते देशाला पुरणारे नव्हते. रॉकेलचा मोठा साठा ब्रह्मदेशातून यायचा. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असल्याने ते तेल ‘आपले’ समजले जाई. 1937 साली ब्रह्मदेश वेगळा झाला आणि तेच तेल परके ठरले. 1942 साली जपानी फौजा आल्या, तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनी येनानजाऊंगच्या विहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. दिवा आपल्या घरात, पण त्याची वात दुसऱ्याच्या हातात, ही स्थिती तेव्हापासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत तुर्भ्याला 1954 आणि 1955 साली दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. दोन्ही परदेशी कंपन्यांच्या, आणि त्यांत शुद्ध होणारे कच्चे तेलही बाहेरचे. भारतात फारसे तेल नाही, असा या कंपन्यांचा सूर होता. केशवदेव मालवीय यांनी तो मानला नाही. 1956 साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली गेली, आणि 1958 साली खंभातला व 1960 साली अंकलेश्वरला तेल सापडले.

त्या काळी आखातात भारताचा रुपया चालत होता, हे आज कुणाला सांगितले तर पटत नाही. 1959 साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने 1961 साली स्वतःचा दिनार आणला. पुढे बाकीचे देशही रुपया सोडत गेले.

मग 1973 चे युद्ध झाले. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. रेशनवरच्या रॉकेलच्या रांगा लांबल्या. पण आखातात पैसा आला, बांधकामे निघाली, आणि कोकणातली माणसे मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागली. अब्बा 1977 साली कुवेतला गेले. ज्या भाववाढीने दादीचे घासलेट महाग झाले, तिनेच आमच्या घरावर कौलांच्या जागी स्लॅब घातला.

याच सुमारास ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. फेब्रुवारी 1974 मध्ये बॉम्बे हाय सापडले आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशाच्या गरजेचा निम्म्याहून बराच अधिक भाग घरचे तेल भागवत होते. पण नंतर उत्पादन थबकले आणि मागणी वाढतच राहिली.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. अब्बांची तीन आठवडे काही खबर नव्हती. अम्मी रेडिओपाशी बसून असायची. शेवटी ते रस्त्याने जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आले. दीड लाखांहून अधिक भारतीय असे परत आले. तेल महागले आणि त्याच वेळी तिकडून येणारा पैसाही आटला. दोन्हीकडून मार बसला. 1991 साली देशाने सुमारे 47 टन सोने विमानाने बाहेर पाठवून गहाण ठेवले. त्याच वर्षी अम्मीने बांगड्या मोडल्या.

आज आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. स्वयंपाकाच्या गॅसपैकीही निम्म्याहून जास्त बाहेरचा, आणि त्यातला बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो.

आमच्यातले काहीजण अरबांच्या तेलाचा अभिमान बाळगतात, जणू त्या विहिरी आपल्याच आहेत. दुसरीकडे काहीजण आम्हालाच ‘तिकडचे’ म्हणून हिणवतात. दोघांनाही मला एवढेच सांगावेसे वाटते, की तेलवाल्याला गिऱ्हाईक लागते, धर्मबंधू नव्हे. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने स्वस्तात तेल देऊ केले आणि आपण ते घेतले. त्यात भावाबहिणीचे नाते कुठेच नव्हते.

बाहेरून घेणे ही लाज नाही. एकाच वाटेवर विसंबून राहणे हा धोका आहे. सौरऊर्जेकडे वळतानाही हे लक्षात ठेवायला हवे, कारण तिच्या सामानाचा मोठा भाग आज चीनमधून येतो. डबा बदलला म्हणून सवय बदलत नाही. आणि वाट बंद झाली की पहिली बांगडी मोडते ती गरिबाच्या घरची, मग ते घर कुठल्याही मोहल्ल्यातले असो.