लेहचा राजवाडा आणि तांड्यांची वाट

लडाखमधील लेह हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, सिंधूच्या खोऱ्याच्या उत्तर कडेला वसलेले असून, त्याच्या माथ्यावरील नऊमजली राजवाडा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सेंगे नामग्याल याच्या कारकिर्दीत बांधला गेला. आज तो केवळ प्रेक्षणीय स्थळ मानला जात असला, तरी त्यामागील वैभव मुख्यतः व्यापाराचे होते. चांगथांगच्या पठारावरील शेळ्यांच्या अंगावर थंडीत वाढणारी मऊ लव, म्हणजेच पश्म, लेहमार्गे काश्मीरच्या शालींपर्यंत पोहोचत असे आणि १६८४ च्या तिंगमोसगांग तहाने हा व्यवहार लडाखच्या हाती राखला. उत्तरेकडील तांडे सुमारे ५,५०० मीटर उंचीची काराकोरम खिंड ओलांडून यारकंदला जात. मेलेल्या जनावरांची हाडेच त्या वाटेच्या खुणा ठरत. राजवाड्याच्या पायथ्याशी, बाजारात त्याच शतकात उभी राहिलेली जामा मशीद मुघल सत्तेशी आलेल्या संबंधांची साक्ष देते.

१८३४ मध्ये जोरावरसिंहाच्या डोगरा सैन्याने लडाखवर चढाई केली. पुढे राज्य गेले, राजघराणे सिंधूपलीकडील स्तोक गावी राहू लागले आणि राजवाडा ओस पडला. बाजार मात्र चालूच राहिला. तो खऱ्या अर्थाने मोडला तो १९४९ नंतर, जेव्हा यारकंदची वाट बंद झाली. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुला होईपर्यंतची पंचवीस वर्षे लष्कराच्या वावराची आणि श्रीनगरहून आलेल्या मोटाररस्त्याची होत. पर्यटनाचा हंगामही तांड्यांच्या हंगामासारखाच बर्फ वितळून खिंडी मोकळ्या होण्यावर बेतलेला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

जुन्या लेहमधील घरांवर मराठवाड्यातील माळवदाची आठवण यावी असे सपाट मातीचे छत असते: पॉप्लरच्या वाशांवर विलोच्या काटक्या दाटीने मांडायच्या, त्यांवर गवत पसरायचे आणि वर मातीचा थर चोपून बसवायचा. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे छत पुरेसे होते, परंतु ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीसारख्या पावसापुढे कच्च्या विटांचे बांधकाम टिकत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने राजवाड्याची डागडुजी केली. त्याच्या छायेतील घरांना तसा वाली नव्हता. छतावर अधूनमधून नवी माती घालावी लागते आणि ती घालायला घरात माणसे असावी लागतात. त्यांतील कित्येक कुटुंबे मात्र केव्हाच खालच्या बाजूला, जिथे नळाचे पाणी पोहोचते आणि पाहुण्यांसाठी खोल्या बांधता येतात, तिथे राहायला गेली आहेत.