परक्या आतड्याचा स्वीकार : एक कुळकथा

अवयवरोपणाचा इतिहास पुण्याजवळच्या एका नाकापासून सुरू करण्याची प्रथा आहे आणि ती अर्धीच बरोबर आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानाला विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने नवे नाक घडवून दिले, त्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले : मेणाचा पातळ साचा नाकाच्या खुंटावर बेतायचा, तो कपाळावर सपाट ठेवून कडेकडेने त्वचा सोडवायची, भुवयांमधला देठ तोडायचा नाही, आणि जखमेवर भिजवलेल्या काताच्या पट्ट्या बसवायच्या. कौशल्य अजोड खरे. पण त्वचा कावसजीचीच असल्यामुळे शरीराच्या नकाराचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

हा नकार प्रतिकारसंस्थेचा, म्हणजे परके ते ओळखून त्यावर चालून जाणाऱ्या शरीरयंत्रणेचा असतो, असा निष्कर्ष ग्लासगोतील एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाची त्वचा लावून टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावार यांनी १९४३ मध्ये काढला, कारण दुसऱ्या खेपेची त्वचा पहिलीपेक्षा लवकर नष्ट झाली होती. स्वीकाराचे मूळ मात्र गोठ्यात सापडले. गर्भात वारेतून रक्त मिसळलेली जुळी वासरे एकमेकांच्या रक्तपेशी पुढेही बाळगतात, हे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले; त्यावरून मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भात परक्या पेशी टोचल्या, आणि १९५३ मध्ये जाहीर केले की ते उंदीर मोठेपणी त्याच वाणाच्या उंदराची त्वचा स्वीकारतात. या स्थितीला प्रतिकारसहिष्णुता म्हणतात.

मोठ्या माणसाला गर्भात परत धाडता येत नसल्याने वैद्यकाने औषधांनी प्रतिकारसंस्थेच्या दमनाचा मार्ग धरला : आधी नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन, नंतर जपानमधील त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस. गोवा, महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवर उभा राहिलेला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा असून तो ४ फेब्रुवारी १९९५ रोजी अमलात आला. तो कायदा पतिपत्नींना जवळचे नातेवाईक मानतो. प्रतिकारसंस्था हे नाते मानत नाही, म्हणून गोळ्या चालूच राहतात.

आतडे या दमनालाही पुरते दाद देत नाही. त्याच्या भिंतीत दात्याच्या प्रतिकारपेशींचे दाट थर असतात आणि पोकळीत अगणित जिवाणू, त्यामुळे नकार दोन्ही बाजूंनी येऊ शकतो : यजमान आतड्यावर उठतो, तसे आतडेही यजमानावर. नेमक्या याच अवगुणात स्वीकाराची वाट दिसू लागली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मेगन साइक्स यांच्या गटाला असे आढळले की रोपलेल्या आतड्यात दात्याच्या रक्तमूळपेशी असतात, आणि ज्या रुग्णांच्या रक्तात दात्याच्या पेशी ठळक प्रमाणात मिसळतात, त्यांच्यात नकार कमी दिसतो. ओवेनच्या वासरांची स्थिती येथे प्रौढ माणसात काही अंशी उतरते. मिश्रणाचा तोल ढळला, तर त्याच पेशी यजमानाच्या त्वचेवर व यकृतावर हल्ला करू शकतात, म्हणून आतडे रोपलेल्या रुग्णाची औषधे पूर्ण थांबवणे अजून नित्याचे झालेले नाही.