वृद्धाश्रमांतील नाताळ (सातारा व सांगली)

वृद्धाश्रमांतील नाताळ म्हणजे वृद्धाश्रमांत व तत्सम निवासी संस्थांत राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तींसाठी, तसेच त्यांच्या सहभागाने, २५ डिसेंबरच्या सुमारास योजले जाणारे सणाचे कार्यक्रम होत. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. त्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांतील सर्वसाधारण वृद्धाश्रमात नाताळ हा मोजक्याच रहिवाशांचा स्वतःचा सण असतो. त्यांची उपासना आणि इतरांचा ऐच्छिक स्नेहमेळावा या दोहोंना योग्य जागा देणे, हा येथील नियोजनाचा मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. सातारा परिसरात अमेरिकन मराठी मिशनचे, तर सांगली-मिरज परिसरात प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य होते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. सांगली व मिरज यांच्यामधील वॉन्लेसवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कवी नारायण वामन तिलक यांचे अखेरच्या काळातील वास्तव्य साताऱ्यात होते व १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. तिलकांची अनेक पदे 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात आहेत. त्यामुळे मराठी ख्रिस्ती ज्येष्ठांच्या स्मरणातील नाताळ हा अभंग, भजन, पेटी व तबला यांच्याशीही निगडित असतो.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७च्या केंद्रीय कायद्यात ६० वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकास ज्येष्ठ नागरिक मानले आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूदही त्यात आहे.

नियोजन

२५ डिसेंबर हा दिवस मार्गशीर्ष किंवा पौष महिन्यात येतो. मार्गशीर्षातील गुरुवारची व्रते, एकादशी व दत्तजयंती यांच्याशी कार्यक्रमाचा दिवस जुळू शकतो. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबर रोजी होती. सांगली जिल्ह्यातील औदुंबर हे दत्तक्षेत्र असल्याने या भागात त्या दिवसाचे महत्त्व मोठे आहे. म्हणून तारीख व खाद्यपदार्थ ठरवण्यापूर्वी पंचांग पाहणे आणि रहिवाशांना विचारणे आवश्यक ठरते.

ख्रिस्ती रहिवाशांना चर्चमध्ये नेण्यासाठी वाहन व सोबतीची व्यवस्था करावी लागते. ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी पाळक किंवा धर्मगुरूंना संस्थेत बोलावता येते. ही उपासना स्वतंत्र खोलीत ठेवल्यास इतरांवर उपस्थितीची सक्ती होत नाही आणि उपासकांनाही निवांतपणा मिळतो.

उपक्रम

कामट्या व रंगीत कागद यांचा तारा दिवाळीतील आकाशकंदिलाप्रमाणेच बनवता येतो; हे काम अनेकांच्या हातांना परिचित असते. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळासाठी करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा फराळ करण्याची प्रथा आहे. करंजीला मुरड घालणे, सारणाचे प्रमाण सांगणे किंवा शंकरपाळे कातणे अशी कामे रहिवाशांकडे सोपवल्यास ते केवळ पाहुणे न राहता यजमान होतात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीकडेही गीतांची निवड किंवा शुभेच्छापत्रांचा मजकूर सोपवता येतो.

आहार व आरोग्य

केकमध्ये अंडे आहे किंवा नाही, हे आधी सांगणे आवश्यक असते. शाकाहारी रहिवाशांसाठी बिनअंड्याचा केक ठेवतात. मद्य घातलेला केक औषधे घेणाऱ्यांना देणे टाळतात. मधुमेहींच्या बाबतीत गोडाचे प्रमाण जेवण व औषधांच्या वेळेशी जुळवावे लागते. गिळण्यास त्रास होणाऱ्यांना कडक चकली व कोरडा चिवडा धोकादायक ठरू शकतो. त्यांना खीर किंवा वैद्यकीय सल्ल्यानुसार मऊ पदार्थ देतात.

पाचगणी-महाबळेश्वर परिसरात डिसेंबरच्या रात्री विशेष थंड असल्याने तेथे मध्यरात्रीच्या उपासनेपेक्षा सकाळचा कार्यक्रम वृद्धांना सोयीचा ठरतो. प्राणवायू घेणाऱ्या रुग्णांजवळ मेणबत्त्यांऐवजी विजेरीवरील दिवे वापरतात.

स्मृतिभ्रंश असलेल्या अनेक व्यक्तींना दिवस कलताना अस्वस्थता वाढते. मोठा आवाज व गर्दीनेही त्या गोंधळतात. अशांसाठी सकाळची छोटी बैठक उपयुक्त ठरते. अलीकडील घटना विसरलेल्या व्यक्तीलाही तरुणपणी ऐकलेली गाणी आठवू शकतात, म्हणून परिचित गीतांना प्राधान्य देतात.

मर्यादा व टीका

सणाच्या दिवशी शाळा, महाविद्यालये व मंडळे एकाच वेळी भेटीस आल्यास रहिवाशांची दमणूक होते आणि पुढचे अनेक दिवस कोणी फिरकत नाही, अशी टीका केली जाते. भेटवस्तू देतानाची छायाचित्रे संमतीविना प्रसिद्ध करणे हा आणखी एक आक्षेपाचा विषय आहे, कारण आपण वृद्धाश्रमात राहतो हे सर्वांना कळावे, अशी प्रत्येकाची इच्छा नसते. सण म्हटला की घरच्यांची आठवण तीव्र होते. काहींना गर्दीपेक्षा नातलगाचा दूरध्वनी किंवा एकांत हवासा वाटतो. त्यामुळे भेटी डिसेंबर-जानेवारीत विभागून ठेवणे आणि सहभागी न होण्याचा रहिवाशाचा निर्णय मान्य करणे, हेही नियोजनाचेच भाग मानले जातात.

हेही पाहा

नाताळ
वृद्धाश्रम
नारायण वामन तिलक
स्मृतिभ्रंश